कुणाची सकाळ?

पडदा वर जातो. खोलीत कोवळं ऊन, भिंतीवर तीन घड्याळं, तिघांची तीन तोंडं. टेबलाशी माझी भाची, पुलांचे नकाशे काढणारी. तिचे सोबती दोन दूरच्या देशांत.

मागे तिने त्यांना कळवलं, "उद्या सकाळी नकाशा देते." त्यांची सकाळ आपल्याआधी पाच-सात तास उजाडते. बिचारे अर्धा दिवस ताटकळले, काम हातचं जाता जाता राहिलं. पोरीने सर्वांसमोर चूक कबूल केली आणि नियमच घातला: कुणाची सकाळ, ते आधी सांगायचं.

आज त्याच पुलाचा शेवटचा नकाशा वेळेवर गेला. माझी छाती फुगली.

"नाश्त्याला कधी येतेस?"

"उद्या सकाळी."

"कुणाच्या, बाईसाहेब?"

ती खळखळून हसली. "तुमच्या, मामा! आठ वाजता. पडदा वर जायला उशीर झाला तर खुशाल शिट्ट्या मारा."