मोठमायने जमनाला घरी आणलं

आम्ही आजीला मोठमाय म्हणायचो. तिचं नाव झुंबरबाई. एरंडोलपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथेच ती सून म्हणून आली आणि सन एकेचाळीसच्या मार्गशीर्षात तिथेच गेली. मी धुळ्याहून पोहोचले तोवर तिला नेलेलं होतं. ओसरीवर भिकुआत्या, म्हणजे तिची लेक, भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे.

मोठमाय उंच, सावळी, आवाजाने भारी. डावा हात लहानपणी चुलीत भाजलेला, त्याची दोन बोटं मिटत नसत. तरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ती अशी थापायची की कडेला कुठे चीर पडत नसे. माझं न्हाणं, माखणं, दुखणं, सगळं त्याच हातांनी झालं.

मी वाचले कशी, ते मला बाबांनी आणि तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मानमोडीच्या साथीत, सन अठराच्या आश्विनात, माझी आई गोजरबाई दोन दिवसांच्या तापात गेली. मी तेव्हा एकवीस दिवसांची होते. गावातून रोज तीन-चार तिरड्या निघत होत्या. बाबा, म्हणजे भाईदास, आईला पोहोचवून आले आणि स्वतःच अंथरुणाला खिळले. मला गाईचं दूध सोसत नव्हतं. कापसाच्या बोळ्याने तोंडात पिळलं की ओकून टाकायचे. चौथ्या दिवशी माझा रडण्याचा आवाजही बसला.

आमच्या भाऊबंदांतले जीवराम आबा, त्यांची सून तेव्हा अंगावर पाजत होती. मोठमाय आधी त्यांच्या दारात गेली. आबा म्हणाले, "ज्या घरात मानमोडी शिरली, त्या घरचं पोर आमच्या सुनेपाशी नको." ती परत फिरली.

गावाबाहेर कपाशी वेचायला आलेल्या सातपुड्याकडच्या लोकांची पालं होती. त्यांच्यातल्या एका बाईचं तान्हं मूल तीन दिवसांपूर्वी गेल्याचं मोठमायच्या कानावर आलं होतं. भर दुपारी मला पदरात गुंडाळून ती तिथे गेली. ती बाई, जमना, बाभळीखाली बसली होती. छातीवरचं लुगडं दुधाने भिजलेलं. मोठमाय तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"माय, तुनं दूध वाया जाई राहिनं, अन् मनी नात मरी राहिनी."

जमनाने तोंड फिरवलं. तिचा नवरा करमसिंग म्हणाला, "तुमचं गाव उद्या आम्हाला मारेल, बाई."

"मारतीन ते पहिले माले मारतीन."

मग जमनाने हात पुढे केले.

मोठमायने दोघांना घरी आणलं. गोठ्यात नाही, ओसरीवर जागा दिली. तिसऱ्या दिवशी जीवराम आबा चार जणांना घेऊन आले. "झुंबर, त्या बाईला ओसरीवरून उठव. नाही तर तुझ्या घरचं पाणी आम्हाला चालणार नाही."

मोठमायने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आबा, तुमनी सूनले धाडा. मी आत्ते जमनाले जा म्हनस."

आबा उठून गेले. त्यानंतर आमच्या घराला लग्नाकार्याचं बोलावणं आलं नाही. ते तिने सोसलं. पण भिकुआत्या तेव्हा सतरा वर्षांची, जामनेरला दिलेली. तिच्या सासरच्यांनी निरोप धाडला की आता तिला माहेर नाही.

बाबा दुखण्यातून उठल्यावर म्हणाले, "माय, पोर आता सावरली. जमनाला जाऊ दे, भिकूला आणू." मोठमाय नाही म्हणाली. मी चालायला लागून भाकरी खाऊ लागेपर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, जमना आमच्याकडेच राहिली. पुढे काही वर्षं ती कपाशी वेचायला यायची, मोठमाय तिला लुगडं नेसवायची. एके वर्षी ती आली नाही. त्यानंतर मोठमाय डोंगराकडून येणाऱ्या प्रत्येकाला तिची खबर विचारायची. कोणालाच माहीत नसे.

जमना आमच्या घरून गेल्यावरही भिकुआत्याच्या सासरचे ऐकेनात. अखेर मोठमायने दंड म्हणून भाऊबंदांना जेवण घालायचं कबूल केलं. "जेवन घालसू," तिने आबांना तोंडावर सांगितलं, "पन चूक झाई असं म्हननार नही." पंगत उठली आणि त्याच महिन्यात आत्या माहेरी आली. पुरी चार वर्षं झाली होती.

मला एवढंच माहीत होतं. दहाव्याच्या दुपारी आत्या आणि मी ज्वारी निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "माझ्यासाठी मोठमायने किती सोसलं."

आत्याचा हात थांबला. "त्या चार वरीसमा मनं पहिलं पोर झायं अन् गयं. तुले कोनी सांगं नही?"

कोणीच सांगितलं नव्हतं.

"मायले समजनं. दोन दिवस चालीसन उनी जामनेरले. सासरानी दारमातून परत धाडी दिनं. मी घरमा बठेल व्हती. तिना आवाज आयकी राहिंती. भिकू, भिकू करे. माले उठू दिनं नही."

मी माफी मागायला लागले तशी ती म्हणाली, "तुनावर राग नही मना. तिनावर व्हता. आते कोनावर करू?"

आणि मग ती रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा. सुपातली ज्वारी सांडली, ती आम्ही दोघींनी मिळून वेचली.

तेरावं झाल्यावर मी तिला म्हटलं, जामनेरला जाऊ नको, माझ्याकडे चल. येईल असं वाटलं नव्हतं. पण आली. धुळ्याला महिनाभर राहिली. माझी धाकटी लेक तेव्हा चार महिन्यांची होती. आत्या रोज सकाळी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.