आधी नाव घ्या

आत्याबाई कुणाला पैसे देताना लगेच मूठ उघडायची नाही. मूठ समोर धरायची आणि म्हणायची, "यात काय हाये? आंधी नाव घ्या." समोरच्यानं खरं नाव घेतलं तर मूठ उघडायची, नाहीतर परत पदराआड जायची. लोक तिला हेकट म्हणत. म्हणोत मेले! माझ्या बापाची ही थोरली बहीण. विधवा होती, वाळल्या मिरचीचा धंदा करायची आणि धामणगावात आमच्याच घरी राहायची. आमची निम्मी चूल तिच्या मिरचीवर पेटायची, ते मात्र कुणी बोलत नाही.

पैशाला लाडाची नावं ठेवायचं तिला वावडं नव्हतं. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, जुना जाड तांब्याचा पैसा तो ढब्बू, चांदीचा खणखणीत रुपया तो कलदार. लढाईच्या दिवसांत भोकाचा पैसा निघाला, त्याचं तिनं 'कानटोच्या' म्हणून बारसं केलं. रुपयाच्या नोटेला ती 'पापड' म्हणायची. "पान्यात पडला का गेला कामातून," असं वर सांगायची. पण लाच मागणारा 'चहापाणी' म्हणाला की तिचं डोकं फिरायचं. "लाडाचं नाव येगळं अन् लपवाचं येगळं," म्हणायची.

बाजाराच्या ठेकेदाराचा माणूस पावतीचे पैसे घेऊनही तिथंच घुटमळायचा.

"आत्याबाई, आमचं चहापानी?"

मूठ पुढं यायची. "कायचं चहापानी? मी पावती फाडली. आता हे कायचे पैसे, तेवढं मोठ्यानं सांग अन् घेऊन जाय."

शेजारचा बांगडीवाला चाचा कळवळून म्हणायचा, "दे दो ना आपा, काय को झंझट?" पण तो माणूस इकडंतिकडं बघायचा आणि निघून जायचा. 'लाच' एवढा शब्द त्याच्या तोंडातून कधी निघाला नाही. पटवाऱ्याचंही तेच. 'दस्तुरी, दस्तुरी' करत त्यानं तिच्या नवऱ्याचं वावर तिच्या नावावर चढवायला किती खेपा घालायला लावल्या! तिनं घातल्या, वावर नावावर चढवून घेतलं, पण मूठ उघडली नाही.

मग माझं लग्न निघालं. पिंपळगाव राजाचं स्थळ, मुलगा खामगावच्या कापसाच्या जिनात कारकून. बाप हरखून गेला. बैठकीत मुलाचे वडील आमच्याच तक्क्याला टेकून, आमचाच विडा चघळत म्हणाले, "बाकी काही नको. मुलाच्या शिक्षणाला लागलं तेवढं वरखर्चाचं बघा." बापाजवळ कुठले पैसे? ते आत्याबाईजवळ होते. तिनं कलदारांची पिशवी आणून मांडीवर ठेवली. मी आतल्या दाराशी उभी होते.

"देते," आत्याबाई म्हणाली. "पन आंधी नाव घ्या. मंडळीसमोर म्हना, पोरगा इकला."

"अक्का, आज नको!" बाप हात जोडून म्हणाला.

मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालणार. कसली मान अन् कसली खाली! तो हसला. "इकला म्हणतो. हो, इकला पोरगा. त्यात काय? मोजा." मंडळीही हसली. मुलगासुद्धा हसला. आज इतकी वर्षं झाली, ते हसू आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आत्याबाईचा चेहरा पडला. समोरच्याला थोडी तरी लाज असेल, या भरवशावर ती जन्मभर भांडली होती. याला लाजच नव्हती! पण तिनं शब्द दिला होता. ती पिशवीची गाठ सोडायला लागली. ते मला बघवेना.

मी सरळ बैठकीत गेले. "आत्याबाई, गाठ मार. मले हा नवरा नाही पायजे."

पाहुणे ताडकन उठले. ते उंबऱ्याबाहेर पडायच्या आत आत्याबाई आवाज चढवून म्हणाली, "पोरीनं मी शिकवलेलं म्हटलं. सोयरीक मी मोडली. मले तुमचं तोंड पसंत नाही."

गावभर तेच पसरलं. बापानं तिला घराबाहेर काढलं. तिच्याच मिरचीवर जगलेल्या घरातून! रोहिणखेडला तिचं वावर होतं, तिकडं ती निघाली. ती बैलबंडीत बसताना मी तिचा हात धरला. "तू खोटं काऊन बोलून राह्यली?"

"चूप राह्य," ती म्हणाली. "भर बैठकीत तोंड उघडलेल्या पोरीले कोनी करत नाही. मले आता कुठं लग्न करायचं हाये?"

पुढं माझं लग्न झालं, भल्या माणसाशी झालं, आणि एक पैसा न देता झालं. आत्याबाई रोहिणखेडलाच वारली. तिच्या मातीला आलेल्या बायका माझ्यासमोर हळहळत होत्या, "बाई कामाची होती, पण हेकट. सख्ख्या भाचीचं लग्न मोडलं." मी तोंड उघडलं, तर बापानं डोळे वटारले.

आता बाप नाही, माझ्या लेकींच्याही लेकी उजवल्या. ऐका तर मग. ते लग्न तिनं नाही मोडलं. मी मोडलं.