चढावर कुणी बोलायचं नाही

घरातले तिला पायलट म्हणायचे. आधी चिडवायला, नंतर कौतुकाने. नवऱ्याने सात माणसांची गाडी घेतली खरी, पण वळणांवर त्यालाच मळमळायचं. मग काय, चाळिशी उलटल्यावर ही बाई गाडी शिकली, आणि शिकली ती अशी की नवरा आजही शेजारी मुकाट बसतो.

गाडी तशी गुणी. बेताच्या लांबीची, अरुंद गल्लीतही सहज वळणारी. पायलट एकटी शिवणवर्गाला जायची तेव्हा गाडी नुसती पळायची. पण इंजिन पडलं लहान. सातजण कोंबले की चढावर तिचा जीव मेटाकुटीला यायचा. गिअर खाली घ्यायला जरा उशीर झाला की मान टाकलीच म्हणून समजा. टेकडीवर धाकटा दीर राहायचा. एकदा त्याच्याकडे जाताना नणंदेने मागून काहीतरी विचारलं, पायलटचं लक्ष उडालं, गाडी बंद पडून मागे घरंगळली आणि मागच्या ट्रकवर आपटता आपटता राहिली. त्या दिवशी फर्मान निघालं: टेकडीचा पायथा आला की एसी बंद, आणि माथा येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. तिला इंजिन ऐकू आलं पाहिजे.

फर्मानाची सगळ्यात जास्त टिंगल केली मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी. आणि पाळलंही सगळ्यात कडक त्यांनीच. कुणी खोकललं तरी डोळे वटारायचे. अंगाने किरकोळ, म्हणून ते आपणहून शेवटच्या सीटवर बसत. तिथल्या काचा उघडत नाहीत आणि एसीची हवाही धड पोचत नाही.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. मामंजींना मधुमेह. त्यांनी गोळी घेतली होती, जेवण दिराकडे होणार होतं, आणि सगळ्यांचं आवरण्यात निघायलाच उशीर झाला. गाडीत पुढे नवरा, मध्ये पाहुणे तिघं, मागे मामंजी नि नणंद. पायथा आला. पायलटने एसी बंद केला आणि गाडीत चिडीचूप झालं.

दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हत चढत होती. मागे पुन्हा एक ट्रक, अगदी बुडाला चिकटलेला. पायलटचे कान इंजिनात, डोळे रस्त्यावर. ट्रक किती जवळ आलाय म्हणून तिने आरशात पाहिलं, तर मामंजींची मान कलंडलेली. झोपले असतील. पुन्हा पाहिलं. चेहरा घामाने निथळत होता आणि तोंड उघडं होतं. शेजारी बसलेली नणंद डुलकी समजून खिडकीबाहेर बघत होती.

थांबावं तर गाडी घरंगळणार, मागे ट्रक. न थांबावं तर मामंजी. इतक्या वर्षांत चढावर पहिल्यांदा तिनेच तोंड उघडलं.

"वन्सं, बाबांना हलवा! उठताहेत का बघा!"

नणंदेने हलवलं, हाका मारल्या. नुसतं "हूं" आलं. पायलटने धोक्याचे दिवे लावले, गाडी कडेला दाबली, हँडब्रेक कचकन ओढला आणि ब्रेकवरचा पाय तसाच रोवून धरला. ट्रक करकचून थांबला, भोंगा वाजवत बाजूने निघून गेला. नवऱ्याने उतरून चाकामागे दगड लावले तेव्हा कुठे तिने पाय उचलला. मग ती मागे धावली. डिकी उघडून मामंजींना वारा घातला. साखर उतरली असणार. पाहुण्यांकडे दिराच्या मुलांसाठी घेतलेलं गोड सरबत होतं, ते घोटाघोटाने पाजलं. हळूहळू नजर ठिकाणावर आली. नणंद रडायलाच लागली.

पायलटला आता राग आवरेना. राग कसला, भीतीच ती. "बाबा, बरं वाटत नव्हतं तर एक हाक मारायची होतीत!"

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. आवाज खोल गेला होता, तरी समजावणीचाच होता.

"पायथ्यालाच घाबरं व्हायला लागलं होतं, पोरी. म्हटलं, तुझा चढ होऊ दे आधी."

पायलट तिथेच, डिकीच्या कडेवर बसली. वर जायला अजून बराच चढ होता, आणि गाडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतं.