राणीच्या राज्यात अंधार

दीपमालाला राग लवकर येत नाही, हे मोंढ्याच्या बाजारात कुणालाही विचारा. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून अंगावर धावून येणाऱ्या गिऱ्हाइकाला पाणी देऊन बसवणारी ही बाई. पण तिच्या हौशी नाट्यमंडळातल्या बद्रीनाथनं नव्या नाटकाची संहिता वाचून दाखवली, त्या संध्याकाळी ती अशी भडकली की क्रांती चौकाजवळच्या त्या तालमीच्या खोलीत कुणाला चहाचा कपसुद्धा उचलवेना.

नाटक होतं नागनिकेवर. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची राणी, सातकर्णीची बायको. नवरा गेला, मुलं लहान, तेव्हा राज्याचा कारभार तिनं हातात घेतला असं इतिहासकार मानतात. मुख्य भूमिका दीपमालाची. त्यासाठी सगळी मंडळी नाणेघाटात जाऊन आली होती. तिथल्या लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता उरल्यात पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं. मूळपुरुष सिमुक, राजा-राणी, कुमार, आणि त्याच रांगेत राणीचा बाप, महारठी, म्हणजे मोठा सरदार. सासरच्या भिंतीवर माहेरचं माणूस! कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातली ही लेक त्या नावाखाली बराच वेळ उभी राहिली होती.

"राणीच्या कारभाराचा प्रवेश कुठंय?" वाचन संपल्यावर तिनं विचारलं.

"आहे की," बद्रीनाथ म्हणाला. तोच लेखक, तोच दिग्दर्शक. "राजा जातो, राणी कोसळते. अंधार. शंख वाजतो. उजेड येतो तेव्हा राजपुत्र वेदिश्री मोठा झालेला, सिंहासनावर. राणी येऊन त्याच्या पायाशी फुलं वाहते."

"आन् मधी?"

"मधे अंधार. सांगितलं ना."

"म्हंजी तिनं राज्य केलं ते अंधारात?"

"अहो बाई, स्पर्धेचं नाटक आहे, वेळेचं बंधन असतं. बाई दरबारात बसून निवाडे करतेय, यात नाट्य काय? लोकांना राणीचा शोक बघायचाय. आणि तुमचा शोक तर काय होतो, वा!"

"शोक करायला राणी कशाला पायजे?" दीपमाला उठून उभी राहिली. "नवरा मेल्यावर रडायला कुणालाबी येतं. दुसऱ्या दिवशी उठून गादीवर बसायला काय लागतं, ते दाखवा की!"

काय लागतं, हे तिला ठाऊक होतं. तिचा नवरा वैजनाथ अपघातात गेला तेव्हा मुलगा शिवराज चौथीत होता. दिवस होतात न होतात तोच राजेंद्र, तिचा दीर, पाइप-मोटारींच्या दुकानाच्या किल्ल्या मागायला आला. बाईमाणसानं मोंढ्यात बसायचं? घराण्याची अब्रू? तिनं किल्ल्या दिल्या नाहीत. पहिल्या दिवशी शटर वर करताना आजूबाजूचे दुकानदार हात बांधून मजा बघत होते. हमाल "मालक कुठंयत?" विचारायचे, कंपनीचा माणूस तिच्या डोक्यावरून पाठीमागं बघत बोलायचा. ती शिकली. भांडली. दुकान टिकवलं, वाढवलं. शिवराज गादीवर बसायला लागला तेव्हा कुठं तिला शाळेपासूनचं नाटकाचं वेड पुन्हा आठवलं.

वाचनाच्या त्या रात्री घरी जेवताना तिनं सगळं शिवराजला सांगितलं. तो हसला. "आई, नाटकच हाय ना ते. येवढं काय मनावर घेती?"

आणि तिला एकदम त्याचं दसऱ्याचं भाषण आठवलं. दुकानाचा रौप्यमहोत्सव, मांडव, पाहुणे. 'पप्पांनी लावलेलं रोपटं आज मी वाढवतोय.' टाळ्या. तिनंही वाजवल्या होत्या.

"पप्पांनी लावलं, तू वाढवलं," ती म्हणाली. "मधी कोण होतं रे दुकानात?"

"तू होतीस की. सगळ्यांना माहितीय ते."

"माहितीय म्हणून सांगायचं नाय व्हय?"

शिवराज खाली मान घालून जेवत राहिला. आपलं काही चुकलं असं त्याला वाटलंच नव्हतं, आणि हेच तिला जास्त झोंबलं.

मग तिनं स्वतः एक प्रवेश लिहिला. परदेशी व्यापारी दरबारात येतो, राणी समोर असताना विचारतो, राजे कुठे आहेत? राणी म्हणते, नीट बघा. बद्रीनाथनं कागद चाळले, परत दिले आणि भूमिका हिमानीला देऊन टाकली. हिमानी कॉलेजातली, गुणी मुलगी. शोक तिचाही चांगला व्हायचा.

प्रयोगाला दीपमाला गेली ती तिकीट काढून. राजा गेला. हिमानी कोसळली. दिवे गेले, शंख वाजायला लागला, आणि दीपमालाच्या तोंडून निघूनच गेलं, तेही दुकानातल्या भरदार आवाजात:

"दिवे लावा! हितं राणी राज्य करतीय!"

कुणी हसलं, कुणी "शूऽऽ" केलं, पाठीमागून एका बाईनं टाळी वाजवली. शंखवाला मधेच थांबला. उजेड आला तेव्हा वेदिश्री गडबडीनं अजून सिंहासनावर चढत होता.

प्रयोग संपल्यावर बद्रीनाथ लालबुंद होऊन तिच्या अंगावर आला. "तुम्ही माझं नाटक पाडलंत!"

"मी नाय पाडलं. तुम्ही राणीला पाडलं अन् उठवलंच नाय."

मंडळातून तिला काढलं. नाटकाला बक्षीसही मिळालं, उत्तेजनार्थ. पण आठवडाभरानं हिमानी दुकानात आली, काउंटरशी घुटमळली. "काकू, त्या अंधारात पडून राहायची मलाच लाज वाटत होती. तुमचा तो प्रवेश अजून आहे का?"

हिमानीच्या मावशीच्या ओळखीनं वैजापूरला महिला मेळाव्यात तो प्रवेश झाला. भर दुपारी, सतरंजीवर. पडदा नाही, दिवे नाहीत. शिवराजनं गाडी दिली, स्वतः आला नाही. हिमानी व्यापारी झाली, दीपमाला राणी. "राजे कुठे आहेत?" म्हटल्याबरोबर बायकांमधून कुणीतरी ओरडलं, "समोर बसल्यात की, दिसत नाय का रं!"

प्रवेश संपला. पुढच्याच रांगेतल्या एका म्हातारीनं बसल्या जागेवरून विचारलं, "मंग बाई, पोरगं मोठं झाल्यावर त्यानं आईचं नाव काढलं का?"

दीपमालानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "ते कुणी कोरून ठेवलेलं नाय, आजी," ती म्हणाली. तिचा आवाज अजून चढलेलाच होता.