वीरगळावरची मोकळी जागा

दारावर थाप पडली की आक्का आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर टॉवेल टाकायच्या आणि मग विचारायच्या, "कोण हाय?" लपवण्यासारखं काय होतं, तर एक फुटका दगड.

आक्का बेळगावात आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. कॉलेजच्या संग्रहालयात जुन्या मूर्ती, नागशिळा आणि लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, म्हणजे वीरगळ होते. इमारत पाडताना ते सगळं ढिगाऱ्याबरोबर ट्रॅक्टरमधून कुठं गेलं, कुणालाच ठाऊक नाही. निवृत्तीनंतर आक्कांनी ध्यास घेतला, जुन्या विद्यार्थ्यांकडचे फोटो जमवून तो संग्रह कॉम्प्युटरवर पुन्हा उभा करायचा. मी, त्यांचाच एक जुना विद्यार्थी, मदतीला. फोटोंत मूर्ती कमी आणि त्यांना टेकलेली पोरंच जास्त. आक्का वैतागायच्या, "ह्या रेड्याला बाजूला काढ रं, मागं दगडावर कोरलेला सूर्य हाय!"

त्यांचं माहेर वडगावच्या विणकरांचं. म्हणायच्या, "मागावर तुटलेला धागा कुणाला कळू न देता जोडायचा. हितं उलटं. तुटलंय ते तुटलेलंच दिसू दे."

एका वीरगळावरच्या लेखातली एक ओळ फुटलेली होती. कॉम्प्युटरनं ती फट आपल्या मनानंच रेघा मारून भरली. आम्ही त्या रेघा पुसण्याआधीच फोटो देणाऱ्या विद्यार्थ्यानं ते चित्र मागून घेतलं आणि गावभर पाठवलं. कुणाला त्यात मराठी शब्द दिसला, कुणाला कन्नड. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरून दगड उडतात. इथे तर दगडावरच पाटी निघाली होती.

दोघं जण आक्कांच्या घरी आले. "मॅडम, मराठी का कन्नड, तेवढं सांगा."

मी भिंतीला चिकटलो होतो. आक्का म्हणाल्या, "ती अक्षरंच न्हवंत. मशीननं मारलेल्या रेघा हायत."

"मग मराठीच ऱ्हाऊ द्या की. तुम्ही आमच्याच न्हवं?"

आक्कांनी त्यांच्यादेखत रेघा पुसल्या. "बघून घेतो," म्हणत ते गेले. टॉवेल आला तो त्या दिवसापासून.

"आक्का, भ्या वाटत न्हाय?" मी विचारलं.

"लई वाटतंय. पण मी कायतरी भरलं, तर फुडची माणसं तेच खरं धरून डोकी फोडतील रं."

गेल्या पावसाळ्यात आक्का गेल्या. परवा कॉलेजातून निरोप आला, "उगीच वाद नको, तो एक वीरगळ गाळा."

काल मी संग्रह सगळ्यांसाठी खुला केला. वीरगळासकट, फटीसकट. सकाळपासून फोन वाजतोय. उचलायची भीती वाटते.