आमची न जळलेली टेकडी

किस्से पाचोळ्यासारखे असतात. आज झाडून लोटले की उद्या पायाखाली परत तेवढेच! आणि आम्ही तर पाचोळाच झाडणाऱ्या बाया. मग आमच्याकडे किती साठले असतील, सांगा.

आम्ही आठजणी, खडवलीच्या पुढच्या पाड्यातल्या. थंडी सरली की टेकडीवर जाळरेषा काढतो. म्हणजे गवताचा रुंद पट्टा कापायचा, उभं राहून जाळायचा, साफ झाडायचा. पलीकडून वणवा आलाच तर त्याला पुढं खायला काही मिळू नये. खाली आमची घरं, गुरं, आंबे. मजुरी सरकार देतं. मुकादम माझी जाऊ, कमळ.

*

एका साली सरकारने ब्लोअर दिला. पाचोळा उडवायचं मशीन, पाठीला बांधायचं. वनखात्याचा गार्ड ऐटीत म्हणाला, "मावशी, आता झाडू विसरा!" आणि केलं चालू. सगळा पाचोळा उलटा त्याच्याच तोंडावर! मिशीत काड्या!

कमळने चिमूटभर माती वरून सोडली. "वारा तिकडनं येतोय रे बाबा. तुझं मशीन सांगत नाय का?"

आता मशीन सुरू करायच्या आधी गार्ड हाक मारतो, "कमळमावशी, वारा?"

*

मग मोठा बोर्ड आला. लावला नेमका आमच्या पट्ट्यात. आम्ही नेहमीसारखा पट्टा जाळला, बोर्डही गेला.

गार्ड कपाळाला हात लावून उभा. "अहो मावशी! त्यावर लिहिलेलं, जंगलात आग लावू नका!"

मी म्हटलं, "आठजणींत एकीला तरी वाचता येतं का रे? आधी विचारायचंस!"

नवा बोर्ड आला. त्यावर चित्र आहे.

*

तीन वर्षांमागं डोंबिवलीहून पार्टी करायला पोरं आलेली. शेजारच्या टेकडीवर चूल तशीच पेटती ठेवून गेली. भर दुपारी वणवा उठला. फायर ब्रिगेडची गाडी आली, पण वर रस्ताच नाही. पाइप अर्ध्यात संपला.

आम्ही ओल्या फांद्या घेऊन पट्ट्यावर उभ्या. जी ठिणगी उडून येईल ती झोडपायची. आग पट्ट्यापर्यंत आली आणि तिथंच बसली. आमच्या बाजूचं एक पान जळलं नाही!

जवान धापा टाकत वर आला. "आजी, ट्रेनिंग कुठं झालं तुमचं?"

कमळ म्हणाली, "चुलीपाशी. पन्नास वर्षांचा कोर्स आहे!"

*

आणि यंदा ठाण्याहून नवे साहेब आले, बुलेटवर. हेल्मेट काखेत, कागद हातात. म्हणाले, "शेजारची टेकडी जळली, तिला पैसे मिळणार. तुमच्या टेकडीवर आगीची नोंदच नाही. मग इथं जाळरेषेवर खर्च कशाला? यंदापासून बंद करू."

गार्ड मध्ये बोलू गेला, तर साहेब म्हणाले, "एकदा तरी आग लागलीय का इथं?"

कमळ हात पुसत पुढं झाली.

"साहेब, गाडीवरून कधी पडलात?"

"नाही हो. एकदाही नाही."

"मग ते हेल्मेट ठेवून जा इथं. माझ्या कोंबडीला अंड्यांवर बसायला होईल."

साहेबांनी हेल्मेट काखेत घट्ट धरलं. जरा वेळ टेकडीकडे बघितलं. आणि कागदावरचं 'बंद' खोडायला गार्डकडे पेन मागितलं.