वाघोबापुढची चौथी डहाळी

भूत, लागीर, चकवा… यातलं मी काही मानत नव्हते. लहानपणापासून राईत एकटी सरपणाला गेले आहे. कधी काही दिसलं नाही, कधी काही ऐकू आलं नाही. माझी मुलगी सुनी मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचते आणि मला ऐकवते. मी म्हणायचे, "रिकामटेकड्यांचे धंदे हायेत." आता तीच मागे लागली आहे, "आई, तुझं पण लिही की." मी चौथीपर्यंत शिकलेली. पाठवीन की नाही माहीत नाही. पण डोक्यातून जात नाही, म्हणून दुपारची बसून लिहिते आहे.

आमची वाडी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, अभयारण्यात आहे. माझे मालक, म्हणजे सुनीचे वडील, गाईड आहेत. शहरातले लोक पक्षी बघायला येतात, त्यांना ते राईत नेतात. मी त्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते. मालक नसले तर राईतही मीच नेते. पण मला लोकांपुढे बोलता येत नाही. पाखरू दिसलं की थांबते आणि बोट दाखवते, एवढंच.

राईच्या तोंडाशी आमचा वाघोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला. आत जाणाऱ्या प्रत्येकाने एक हिरवी डहाळी मोडून त्याच्यापुढे ठेवायची. बाहेर आल्यावर आपली आपण उचलायची आणि मागे न बघता टाकून द्यायची. दुसऱ्याची उचलायची नाही. बायका घोळक्याने करवंदांना जायच्या तेव्हापासूनची ही रीत. डहाळी उरली म्हणजे कुणीतरी आत आहे, त्याला शोधल्याशिवाय घरी जायचं नाही. पाहुण्यांनाही आम्ही हे करायला लावतो. त्यांना गंमत वाटते.

गेल्या थंडीत नाशिकचे एक साहेब आणि त्यांच्या मॅडम आले होते. साहेबांना मासे खाणारं घुबड बघायचंच होतं. जेवताना सारखा तोच विषय. मालक म्हणाले, "बघू, साहेब. पाखरू काय माझ्या दावणीला बांधल्यालं न्हाई." सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मालक वडापच्या जीपने राजूरला बाजाराला निघाले. जाताना मला म्हणाले, "तू ह्यांला राई दाखव. दुपारी मी येतो, मग घुबडाचं बघू."

ऊन आल्यावर आम्ही तिघं निघालो. वाघोबापुढे पाचोळा पडला होता तो मी हाताने साफ केला, म्हणून मला पक्कं आठवतं… तिथे काही नव्हतं. मी अंजनीची डहाळी ठेवली, साहेबांनी जांभळाची. मॅडमनी करवंदीची मोडली आणि काटा लागला.

"वहिनी, तुमचा देव तर रक्तच मागतोय की!"

"तू देवाला घाबरवू नकोस," साहेब म्हणाले. मॅडमनी बोट चोखत चोखत तीन डहाळ्यांचा फोटो काढला.

आत निखार पाखरं दिसली, टकाचोर दिसला. लांब पांढऱ्या शेपटीचं बाणपाखरू दिसलं तेव्हा मॅडमनी माझा दंडच धरला. पण माझं लक्ष लागत नव्हतं. चुलीवर काहीतरी ठेवून विसरून आले की काय, असं सारखं वाटत होतं. मी आठवून पाहिलं. चूल विझवलेली होती, शेळी बांधलेली होती, सुनी शाळेत गेली होती. तरी पायाला स्वस्थता नव्हती. मी भराभर चालायला लागले. साहेब मागून म्हणाले, "वहिनी, पक्षी बघायला आलोय, एसटी पकडायला नाही."

परत वाघोबाशी आलो. साहेबांनी आपली डहाळी उचलली, मॅडमनी जपून आपली उचलली, मी माझी उचलली. खाली एक डहाळी उरली.

मला वाटलं उन्हाने डोळे दिपले. वाकून बघितली. हिरवीगार आणि ओली. लांब निमुळती पानं, मागून पांढरट. वाळुंजाची होती. वाळुंज आमच्या राईत एकाच ठिकाणी आहे, खाली ओढ्याच्या डोहाजवळ. आम्ही त्या अंगाला गेलोच नव्हतो.

"कुणी गुराखी आला असेल मागून," साहेब म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "चला ना वहिनी, पोटात कावळे ओरडतायत. ते पक्षी नको आता."

एरवी मी मान खाली घालून निघाले असते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "न्हाई जायचं. आत कुणीतरी हाय." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मी राईकडे तोंड करून ओरडले, "कोण हाय आत?"

मग साहेबांनी दुर्बीण गळ्यात सारखी केली आणि म्हणाले, "चला, बघून येऊ. नाहीतरी घुबड ओढ्यालाच असतं ना?"

उतार निसरडा. मॅडमना वाघोबाशीच बसवलं. आम्ही दोघं डोहाच्या वरच्या कातळावर पोचलो. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. साहेब दुर्बिणीतून झाडं बघत होते. बघता बघता दुर्बीण खाली डोहाकडे वळली आणि तिथेच थांबली.

"वहिनी… तिथे निळं काय आहे?"

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. निळा स्वेटर. त्याच्यावर मातकट माकडटोपी. ती टोपी मी त्या पहाटे माझ्या हाताने मालकांच्या डोक्यात घातली होती.

मी कशी उतरले मला आठवत नाही. मालक दोन दगडांच्या बेचक्यात अडकले होते, कमरेपर्यंत पाण्यात. पाय मोडला होता. ओठ निळे पडले होते. मला बघून म्हणाले, "तू कशी आली?" आणि डोळे मिटले. साहेबांनी स्वतःचं जाकीट काढून त्यांना गुंडाळलं. मी वाडीवर पळाले, माणसं आणली. झोळी करून वर काढलं, जीपमध्ये घातलं, संगमनेरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ त्या पाण्यात राहिले असते तर गेलेच असते. आणि आम्ही तर त्यांना राजूरला गेले म्हणून समजत होतो. संध्याकाळपर्यंत कुणी शोधलंच नसतं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर सगळं कळलं. जीपमध्ये बसल्यावर त्यांच्या मनात आलं, घुबड उजाडता उजाडता डोहावर येऊन बसतं, आधी ते बघून ठेवू आणि मागून येणाऱ्या जीपने बाजाराला जाऊ. म्हणून रस्त्याच्या वरच्या वळणावर उतरले आणि तिकडून ओढ्यात शिरले. तिथे पाय सटकला.

मी विचारलं, "अवो, तुमी वाघोबाकडं आल्ता का?"

"म्या वरनं उतरलो. वाघोबा कुठला मधी?"

"मग डहाळी?"

"कसली डहाळी?"

मी सांगितलं. त्यांनी स्वतःचा तळहात उघडून बघितला. मग म्हणाले, "उठायला वाळुंजाची फांदी धरली हुती. ती मोडून हातात आली. मग पाण्यात गेली."

पाणी खाली जातं. वाघोबा वर आहे.

मॅडमनी नंतर फोटो पाठवला. मोठा करून करून बघितला. तीनच डहाळ्या आहेत. वाडीत घरोघर विचारलं. त्या सकाळी राईकडे कुणी फिरकलं नव्हतं, गुरंही नव्हती. सुनी म्हणते, "आई, माकडानं आणून टाकली असंल." असेल. पण माकड वाळुंजाची डहाळी डोहापासून एवढा चढ चढून घेऊन येईल आणि आम्ही मोकळ्या केलेल्या जागेवर, देठ वाघोबाकडे करून, सरळ ठेवील?… मालक बरे झाले, थोडे लंगडतात, पाहुणे नेतात. मलाही आनंदच असायला पाहिजे. आहेच.

पण ती डहाळी तिथेच आहे. ज्याची त्याने उचलायची, अशी रीत. मी मालकांना म्हटलं, तुमची म्हणून उचला, सोडवा एकदाची. ते म्हणाले, "म्या ठेवली न्हाई, तर म्या कशी उचलू?" आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. आत जाताना आपली ठेवतात, येताना आपली उचलतात, तिच्याकडे बघत नाहीत. मी बघते. पानं गळून गेली, नुसती काडी उरली आहे. पाहुण्यांना पाखरं दाखवताना मी झाडांच्या मागे बघत असते. जिने ठेवली ती, किंवा ज्याने ठेवली तो, अजून बाहेर आलेला नाही.

मालक म्हणतात, पावसाळ्यात जाईल वाहून. मीही त्याचीच वाट बघते आहे. आणि रात्री अंथरुणावर पडले की वाटतं, ती काडीही गेली तर कुणीतरी आत राहिलंय, हे तरी कुणाला कळणार?